वाल सोलून होईपर्यंत

आमच्या मावशीइतकं दुसऱ्याचं दुःख मनापासून ऐकणारं आणि तितक्याच मनापासून मध्येच थांबवणारं माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचं नाही. जिल्ह्याबाहेरचं मला ठाऊक नाही, कारण माझं सगळं आयुष्य पेणमध्ये गेलं आणि मावशीचं लग्नानंतरचं रोह्यात, म्हणजे रोह्याच्याही पलीकडे, कुंडलिकेचा पूल ओलांडल्यावर अष्टमीत. तिथे एका सोसायटीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. दारात जास्वंद, आत एक पाट, एक खुर्ची आणि पाटाशेजारी एक पितळेचं पातेलं. खुर्ची एकच, कारण मावशीच्या मते एका वेळी एकाच माणसाचं ऐकता येतं. पाटावर ती स्वतः बसते. आणि पातेल्यात असतात मोड आलेले कडवे वाल.

ज्यांनी जन्मात कधी वाल सोलले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वाल आधी रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात घट्ट बांधून आणखी एक रात्र ठेवायचे म्हणजे मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहतं, आतली डाळिंबी सुळकन निसटते. काम अजिबात अवघड नाही, फक्त ते संपता संपत नाही. चार माणसांचं बिरडं करायचं तर सकाळचा मोठा भाग त्यातच जातो. मावशीचा नियम असा, की रविवारी सकाळी कुणीही यावं, समोर बसून वाल सोलू लागावं आणि मनात असेल ते सगळं बोलावं. शेवटचा वाल सोलून झाला की मावशी पदराला हात पुसते आणि म्हणते, "वाल संपले." मग विषयही संपला. समोरच्या बाईची सासू रुसून बसलेली असो, की तिचा जावई घर सोडून निघालेला असो, तो जावई पुढच्या रविवारपर्यंत तसाच उंबऱ्यावर उभा राहतो. मावशी उठते, डाळिंब्या धुते आणि निम्म्या त्या माणसाच्या डब्यात घालून देते. माणसं तिच्याकडे रडत येतात आणि संध्याकाळच्या बिरड्याची सोय करून जातात.

ऐकताना ती सल्ला म्हणून देत नाही. तिचं सगळं बोलणं म्हणजे "व्हय", "मग गो" आणि "साल राहिलं". यातलं तिसरं सगळ्यात गुणकारी. माझी एक मैत्रीण तिच्या बदलीचं सांगायला म्हणून माझ्याबरोबर आली होती. ऐन हुंदक्यात मावशी तिच्या पुढ्यात बोट दाखवून म्हणाली, "त्याला साल राहिलं बघ." मैत्रिणीने हुंदका बाजूला ठेवून ते साल काढलं आणि पुन्हा हुंदका द्यायला गेली, तर तो काही केल्या येईना. येताना गाडीत ती मला म्हणाली, "तुझी मावशी फार विचित्र आहे गं, पण मला बरं वाटलं." बहुतेकांचं मत साधारण याच दोन भागांत असतं.

दुसरा नियम याहून कडक. एक दुःख मावशीच्या वालांवर एकदाच. तेच दुःख पुन्हा आणायचं असेल तर वाल आपले आपण भिजवून, मोड आणून आणायचे. या नियमाने निम्मी गर्दी कमी झाली. दोन दिवस आधी वाल भिजत घालायचे म्हटल्यावर माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि बरीचशी दुःखं त्या पाण्यातच मऊ पडतात. बाकीची माणसं निमूटपणे फडक्यात बांधलेले वाल घेऊन येतात. पुलाजवळच्या वाण्यालाही हे इतकं माहीत झालंय, की कुणी एकदम किलोभर वाल मागितले तर तो वजन करता करता आवाज खाली आणून विचारतो, "घरी सगळं ठीक ना?"

वरच्या मजल्यावरचं एक जोडपं एकदा भांडत भांडत खाली आलं. खुर्ची एकच असल्याने नवरा खुर्चीवर बसला आणि बायको उंबऱ्यावर. दोघांच्या पुढ्यात मावशीने वाल ओतले. नवरा बोलतही होता आणि सोलतही होता, दोन्ही दातओठ खाऊन. थोड्या वेळाने मावशीने त्याच्यापुढच्या डाळिंब्या बोटाने पसरल्या. "तुझ्या सगळ्या मोडल्यात रे," ती म्हणाली, "हिची एक मोडलेली नाय." तो म्हणाला, "मावशी, मला घरकामाची सवय नाही." त्यावर उंबऱ्यावरून आवाज आला, "इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" त्या दिवशी वाल संपायच्या आधीच विषय संपला. मोडक्या डाळिंब्यांची मावशीने आमटी केली आणि ती मुद्दाम त्यांच्याकडेच पाठवली.

आणि तिचा फोन. जेवताना, दुपारी लवंडताना आणि जास्वंदीला पाणी घालताना तो तांदळाच्या डब्यात असतो. खाली तांदूळ, मध्ये फोन, वर पुन्हा तांदूळ आणि झाकण. मी तिला म्हटलं, "मावशे, रिंग तर ऐकू येतेच ना?" तर म्हणाली, "येते की. पण ती डब्याची येते. आपली वाटत नाय." तिला तातडीचं काही सांगायचं असेल तर शेजारणीला फोन करावा लागतो. शेजारीण आधी विचारते, "कोण गेलं का?" कुणी गेलेलं नसेल तर ती म्हणते, "मग चारनंतर करा."

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की बाई जन्मापासूनच अशी तिरसट असणार. तसं नाही. मावशी नर्स होती. रोहा तालुक्यातल्या गावोगावच्या आरोग्य केंद्रांत तिची नोकरी झाली. बाळंतपणं, विंचू, ताप, दारुडे नवरे, सगळं तिने पाहिलं आणि सगळ्यांचं ऐकलं, कारण रात्री-अपरात्री दार वाजवणाऱ्याला "नंतर ये" म्हणता येत नाही. लोकांना वाटलं, बाई रिटायर झाली ती इंजेक्शनं देण्यातून, ऐकण्यातून नाही. सकाळी दूधवाल्यापासून जी सुरुवात व्हायची ती रात्री टीव्ही बंद होईपर्यंत. तेव्हा तिच्याकडे चार खुर्च्या होत्या आणि चारही भरलेल्या असत. काका होते तोवर ते निदान मध्ये खाकरायचे. ते रोह्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, गाडी सोडायची वेळ झाली की खाकरायची त्यांना सवयच होती. पाहुण्यांना ते बरोबर कळायचं.

मग काका आजारी पडले आणि थोड्या दिवसांतच गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे भेटायला आलेलं माणूस घटकाभर गप्प बसतं, मग "आमच्याकडेही अगदी असंच झालं" म्हणतं आणि आपलं सुरू करतं. मावशीने काकांच्या फोटोसमोर बसून सगळ्यांच्या घरची आजारपणं ऐकली. तिला कुणी विचारलं नाही असं नाही. "कशी आहेस?" असं सगळेच विचारत. पण उत्तरासाठी कुणी थांबलेलं मला आठवत नाही, आणि त्यात सगळ्यात न थांबणारी होती माझी आई.

आई मावशीची धाकटी बहीण. दोघी पेणच्या खारेपाटातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. माझे वडील गेल्यापासून आई पेणमध्ये एकटी राहते, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून. माझे भाऊ-भावजय पुण्यात. आई मनाने वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. तिला फक्त बोलायला लागतं. भावजयीने फोन लवकर ठेवला, इथपासून ती सुरुवात करते आणि स्वतःच्या लग्नात तिच्या सासूने मानपान नीट केला नाही, तिथपर्यंत जाते. वाटेत गुडघे, नळाचं पाणी, वडिलांचं शेवटचं आजारपण ही स्टेशनं लागतात आणि प्रत्येक ठिकाणी गाडी थांबते. काका गेल्यावर दर रविवारी ती पेणहून रोह्याला जाऊ लागली, बहिणीला सोबत म्हणून. सोबत म्हणजे ती बोलायची आणि बहीण ऐकायची.

त्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी आईला आणायला गेले होते, म्हणून पाहिलं. सकाळी सोललेल्या डाळिंब्या पातेल्यात पाण्यात तशाच होत्या. मावशी पाटावर तशीच बसलेली, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या. आई बोलत होती. ऊन कलायला लागलं होतं, चूल पेटली नव्हती आणि कुणी जेवलं नव्हतं. मी आत पाऊल टाकल्यावर आंबूस वास आला. मावशीने पातेल्यात वाकून पाहिलं, मग ते उचललं आणि सगळ्या डाळिंब्या जास्वंदीच्या बुडाशी ओतून आली. खारेपाटात भाताच्या एका दाण्यासाठी खाऱ्या पाण्याशी झगडतात. त्या घरातली बाई अन्न फेकत होती. आई म्हणाली, "अगोबाई, आंबलं की काय," आणि पुन्हा भावजयीकडे वळली.

पुढच्या रविवारी शेवटचा वाल सोलून झाल्यावर मावशी पहिल्यांदा म्हणाली, "वाल संपले गो. बाकीचं पुढच्या रविवारी." आई ऐन बोलण्यात होती. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती म्हणाली, "सख्ख्या बहिणीला माप लावतेस?"

"तुला नाय गो," मावशी म्हणाली, "मला लावतेय."

आईने पिशवी उचलली, डाळिंब्यांचा डबा तिथेच ठेवला आणि निघून आली. त्यानंतर ती अष्टमीला गेली नाही. सणाला नाही, काकांच्या वर्षश्राद्धालाही नाही. "तिने मला वालाच्या सालीसारखं काढून टाकलं," असं ती पेणमध्ये भेटेल त्याला सांगायची. मावशीने त्यानंतर तीन खुर्च्या देऊन टाकल्या आणि वालांचा नियम सगळ्यांनाच लावला. लोकांना वाटतं की ही तिची लहर. माझं मत वेगळं आहे. आपल्या एकटीलाच हा नियम आहे असं बहिणीला कुणाकडून कळू नये, म्हणून तिने तो अख्ख्या अष्टमीला लावला.

आता पाणी एका बाजूने अडवलं की दुसऱ्या बाजूने वाट काढतं. आईचं सगळं बोलणं माझ्याकडे वळलं. मी शाळेत भूगोल शिकवते. शाळेला निघताना पहिला फोन, मधल्या सुट्टीत दुसरा, मासळीबाजारात कोळणीसमोर उभी असताना तिसरा. उचलला नाही तर "मी मेले तरी तुम्हाला कळायचं नाही." एकट्या राहणाऱ्या बाईच्या तोंडचं हे वाक्य भयंकर असतं, कारण ते खरं होऊ शकतं. त्यामुळे मी उचलत राहिले. ऐकून ऐकून मला असं झालं, की फोन ठेवल्यावर घरातल्या कुणाचा आवाजही नको वाटायचा. नवरा डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो. तो कामावरून आला की "आज काय झालं माहिताय का" म्हणायचा आणि माझा चेहरा बघून "काय नाय, जाऊ दे" म्हणून आंघोळीला जायचा. वर्गात एका मुलीने नर्मदा कुठे उगम पावते ते चुकीचं सांगितलं, तर मी तिच्यावर इतकी ओरडले की सगळा वर्ग गप्प झाला. नर्मदेचं एवढं मनावर घ्यावं असं काही नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. पनवेलला क्लासला जायची आणि हल्ली जरा गप्प असायची. मला ते दिसत होतं. "उद्या बोलू," असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. एका शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या कानाला फोन होता, आई मानपानापर्यंत पोचली होती. मी हाताने तिला थांब अशी खूण केली. ती थांबली, बराच वेळ. मी फोन ठेवल्यावर तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, मी वाल भिजत घालू का?"

मी म्हटलं, "कशाला?"

"मग तू माझं ऐकशील ना. रविवारपर्यंत मोड येतील."

ती टोमणा मारत नव्हती, हे मला जास्त लागलं. तिला खरोखरच वाटत होतं की माझ्याकडे रांग आहे आणि तिने तिचा नंबर लावला पाहिजे. मी तिला तिथेच जवळ घेतलं आणि म्हटलं, सांग. तिला ते क्लास झेपत नव्हते, डॉक्टर व्हायचं नव्हतं, आणि ती महिनोन् महिने ते कुणाला सांगू शकली नव्हती. सांगताना ती रडली आणि मीही. माझी मुलगी माझ्याच घरात वाट बघत उभी होती आणि मी दुसरीकडे ऐकत होते, हे माझ्या मनातून जाईना. रविवारी मी सकाळची गाडी पकडून रोह्याला गेले.

मावशीने विचारलं, "कोणाचं हाय?"

"माझं," मी म्हटलं. मग खरं ते सांगितलं, "आईचं."

मावशीने पातेलं पुढे ओढलं. मी सगळं बोलले. तिच्याच बहिणीबद्दल तिच्यासमोर बोलायचं म्हणून आधी अडखळत होते, मग नाही अडखळले. मावशी "व्हय" म्हणत राहिली. "मी मेले तरी कळायचं नाही" या वाक्याला तिच्या चिमटीत एक डाळिंबी मोडली. इतक्या वर्षांत तिच्या हातून मोडलेली मी पाहिलेली ती पहिली. तिने ती बाजूला ठेवली आणि पुढचा वाल उचलला.

वाल संपत आल्यावर, सल्ला न देणारी बाई म्हणाली, "आईचं ऐकायचं बंद करू नको गो बाय. पण आख्खी पाटी समोर ओतून घेऊ नको. तुझं पातेलं केवढं हाय ते तुलाच ठाऊक. तिला कसं कळणार? सांगावं लागतं. सांगितल्यावर रागावेल. रागावू दे."

"तू सांगितलंस त्याचं काय झालं?" मी विचारलं. "तुला तिची आठवण येत नाही?"

मावशीने पातेल्यात पाहिलं. दोन-तीन वाल अजून होते. तिने ते एका मुठीत घेतले, भराभर सोलले आणि पदराला हात पुसत म्हणाली, "वाल संपले."

डबा घ्यायला मी आत गेले, तर ओट्यावर फडक्यात बांधलेली आणखी एक पुरचुंडी होती. मोड फडक्यातून बाहेर डोकावत होते. मी विचारलं, आज अजून कोण येणार आहे? "कोण नाय," मावशी म्हणाली. "एखाद वेळेला लागतात. नाय लागले तर सोमवारी शेजारणीला देते." मी पुरचुंडी उघडून पाहिली. ते खारेपाटातले वाल होते, आईला आवडतात तसले बारीक. मावशी स्वतः ते कधी खात नाही, तिला ते फार कडू लागतात. दर रविवारसाठी ती ते भिजवत होती, आणि दर सोमवारी शेजारीण ते खात होती.

पेणला आल्यावर मी आईला सांगितलं. शाळेत असताना फोन घेणार नाही. रोज संध्याकाळी मी स्वतः येईन, चहा घेऊ, दिवेलागणीपर्यंत तुझं सगळं ऐकेन, आणि दिवे लागले की घरी जाईन. आई शांतपणे म्हणाली, "मावशीवर गेलीस." आणि तिने बोलणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले, तर तिने चहा केला, समोर ठेवला आणि टीव्ही लावला. तिसऱ्या दिवशीही तेच. फोन वाजत नव्हता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा म्हणाला, "हे बघ, तू दार बंद केलेलं नाहीस, फक्त वेळ लिहिलीयस." कंपनीत राहून तो शिफ्टच्या भाषेत बोलतो, पण तेवढ्याने धीर आला. मुलीबरोबर मी त्या आठवड्यात जितकं बोलले तितकं आधीच्या वर्षभरात बोलले नव्हते. ते चांगलं वाटत होतं आणि त्याचं मला वाईटही वाटत होतं.

रविवारी सकाळी आईच्या दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, "पिशवी घेऊन स्टेशनकडं गेल्या. वजन व्हतं पिशवीत. मी विचारलं कुठं, तर बोलल्या नायत." मावशीला फोन केला, तो अर्थातच तांदळात. पुढची गाडी मिळेपर्यंत मी पेणच्या प्लॅटफॉर्मवर नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

अष्टमीला पोचले तर दार उघडं होतं. आई त्या एकुलत्या एक खुर्चीवर ताठ बसली होती, मावशी पाटावर. मधे पितळेचं पातेलं आणि पातेल्याजवळ आईची पिशवी. एकमेकींकडे त्या बघत नव्हत्या. आई म्हणाली, "आले मी. तुझ्या नियमाने आले. जुनं दुःख असलं की वाल आपले आणायचे ना? आणलेत. घे, सोल." आणि तिने पिशवी पातेल्यात उलटी केली. वाल पितळेवर खडखडत पडले. कोरडे. न भिजवलेले, खडखडीत कोरडे वाल, चांगले दोन बिरड्यांचे.

जिने आयुष्यभर वाल भिजवले, मोड आणून सोलले, त्या माझ्या आईला कोरडा वाल सोलत नाही हे माहीत नव्हतं असं नाही. रागाच्या भरात डब्यातून सरळ पिशवीत ओतले असतील. तिच्याही ते आत्ताच लक्षात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. मावशीने एक वाल उचलला, चिमटीत धरून दाबून पाहिला. तो दगडासारखा तसाच राहिला.

"हे सोलायला परवा उजाडेल," मावशी म्हणाली.

आई म्हणाली, "मग?"

"मग काय. राहावं लागेल."

मी दारात उभी होते. आतल्या ओट्यावर काय ठेवलेलं असेल हे मला माहीत होतं. मोड आलेले, कोमट पाण्यात टाकले की लगेच सोलता येतील असे, आईच्या आवडीचे वाल. मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग तोंड न उघडता डोळ्यांनी जे सांगितलं ते मला नीट कळलं. मी आत गेले. पुरचुंडी ओट्यावरच होती. मी ती माझ्या पर्समध्ये कोंबली, वरून रुमाल टाकला आणि बाहेर येऊन म्हटलं, "मी निघते. शाळेचे पेपर तपासायचेत." आई म्हणाली, "माझी एक साडी पाठवून दे कुणाबरोबर." मावशी तोवर पातेल्यात पाणी ओतत होती.

ते पुरचुंडीतले वाल त्या संध्याकाळी मी आणि माझ्या मुलीने सोलले. मला ते कडू लागले, पण आम्ही सगळे संपवले.

आई बुधवारी आली. संध्याकाळी मी चहाला गेले तेव्हा टीव्ही बंद होता. मी विचारलं, "मग, झालं का सगळं बोलून?" आईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी बोलले काल, सोलता सोलता. वाल संपले तेव्हा ती म्हणाली, वाल संपले. मी म्हटलं, बरं. आणि गप्प बसले. दोघी नुसत्या बसलो. मग तीच बोलायला लागली." काकांबद्दल, आई म्हणाली. हॉस्पिटलात शेवटी त्यांना पाणी हवं होतं आणि डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, म्हणून मावशीने दिलं नाही. इतकी वर्षं नर्स म्हणून जे नियम पाळले तेच पाळले, आणि आता तिला रोज पाणी पिताना ते आठवतं. "हे तिच्या मनात होतं," आई म्हणाली, "आणि मी तिच्यासमोर बसून मानपानाचं सांगत होते." मग आई रडली. दिवे लागले तरी मी उठले नाही. तेवढी सूट मी स्वतःला दिली.

नियम मात्र अजून तेच आहेत. मी शाळेत फोन घेत नाही, आई संध्याकाळी वाट बघते, आणि हल्ली कधी कधी दिवेलागणीच्या आधीच म्हणते, "जा आता, पोरगी आली असेल." मावशीचा अंगठा दुखतो, त्यामुळे पितळेच्या पातेल्याच्या जागी लहान वाडगं आलंय आणि अष्टमीकरांना आपली दुःखं थोडक्यात सांगायला लागतात. ओट्यावर आता दुसरी पुरचुंडी नसते. शेजारीण त्याबद्दल माझ्याकडे एकदा कुरकुर करून गेली.

महिन्या-दोन महिन्यांनी आई पिशवी भरून स्टेशनवर निघते. मी तिला गाडीत बसवून द्यायला जाते आणि दर वेळी पिशवी हातात घेऊन बघते. परवा मी म्हटलं, "आई, मावशीचा अंगठा दुखतो. निदान भिजवून तरी न्यायचेस." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "राहिलं गं भिजवायचं." दर वेळी राहतं. अष्टमीला मावशी दार उघडते, पिशवीत हात घालते, म्हणते, "कोरडेच आणलेस गो," आणि पाणी आणायला आत जाते.